माजघरातला दगड आणि चाच्यांचं धन

पत्राचा सारांश : कोकणात एका जलदुर्गासमोरच्या गावात या ताईंचं माहेर. जुन्या जांभ्याच्या घरात आता ऐंशी ओलांडलेली आत्या एकटीच राहते. माजघरात दीड हात उंचीचा एक काळा दगड पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मधे गलबतासारखी आकृती, खाली पाच ओळी, त्यातल्या शेवटच्या दोन झिजलेल्या. दर अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फुटतो. आजोबा सांगायचे की चाच्यांनी लुटीचं धन किनाऱ्यावर पुरलं, खुणेला हा दगड कोरला आणि राखण आपल्या मूळ पुरुषाकडे दिली. गेल्या गणपतीत भाच्यानं दगडाचा फोटो इंटरनेटवरच्या चाच्यांच्या सांकेतिक लिपीशी ताडून पाहिला आणि "जुळतंय" म्हणाला. तेव्हापासून चुलतभावाला चैन नाही. त्यानं एक 'जाणकार' गाठलाय. तो परसात खणायला सांगतो, एकवीस हजार मागतो आणि विधीला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेलं मूल हवं म्हणतो. सख्खा भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक आलंय, विकून मोकळे होऊ. आत्या म्हणते, समुद्रात सोडा, कटकट नको. माळ्यावर मोडी कागदांचं एक गाठोडंही आहे, ते कुणी सोडलेलं नाही. ताई विचारतात : या दगडाचा छडा लावावा का? लावायचा तर सरकार उचलून नेणार नाही असं कुणाला दाखवावं? आणि "मी सासरी गेलेली मुलगी, यात बोलू तरी कुठल्या तोंडानं?"

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी त्या जाणकाराबद्दल बोलते. दगडाला वेळ आहे, इथे नाही. पायाळू मूल म्हणजे कुणाचं तरी लेकरू. कुणाचं, हे त्यानं सांगितलंय का? असल्या विधींना लागणारं मूल कधी सावकाराघरचं नसतं. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवलेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. तुमच्या चुलतभावाला ही घरातली पूजा वाटत असेल, पण त्यानं बोलावलं, पैसे त्यानं मोजले, तर त्याचंही नाव त्यात येणार. त्याला हे भाषण न देता एका वाक्यात सांगा. आत्याला बजावून ठेवा की तो माणूस पुन्हा आला तर दार उघडायचं नाही आणि पोलीस पाटलांना लगेच कळवायचं. काही रक्कम आधीच दिली असेल तर ती गेली म्हणायची. दिलेलं सुटावं म्हणून माणूस आणखी देत राहतो, हा या धंद्यातला जुना डाव आहे.

आता दगड.

आजोबा खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांची गोष्ट आणि तुम्ही केलेलं दगडाचं वर्णन यांचा मेळ मला लागत नाही. ज्याला धन लपवायचंय तो ते दगडावर कोरून का ठेवील? कोरायचं म्हणजे पाथरवट आणा, त्याला मजकूर सांगा, दिवसभर टाकीचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकवा. आपल्याकडे दगडावर कोरायचे ते चारचौघांना कळावं म्हणून, आणि ते चारचौघं गेल्यावर त्यांच्या नातवंडांनाही कळावं म्हणून. वरचे चंद्र-सूर्य तर हेच सांगतात : ते आकाशात असेतो हे टिको. शिलाहारांच्या काळापासून कोकणात असे दानाचे दगड उभे करायची रीत होती. कुणाला जमीन दिली, देवाला उत्पन्न लावून दिलं, ते दगडावर जाहीर करायचं आणि खाली मोडणाऱ्याला शिवी, कधी शब्दांत तर कधी गाढवाच्या चित्रात. त्यालाच गद्धेगाळ म्हणतात. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख याच जातीचा आहे. अभ्यासकांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचलाय आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरला जातो.

तुमच्या दगडावर गलबत आहे, म्हणून तुम्हाला चाचे आठवतात. मला एकसर आठवतं. बोरिवलीजवळच्या त्या गावात वीरगळ आहेत आणि त्यांवर वल्ही मारणाऱ्या जहाजांच्या रांगा, चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादवांच्या झुंजीशी त्यांचा संबंध लावतात. म्हणजे या किनाऱ्यावर दगडावर जहाज कोरायची परंपरा आहे, आणि ती लढाईत पडलेल्या माणसासाठी आहे. तुमचा दगड तितका जुना असेलच असं नाही. पण समुद्रावर मेलेल्या कुणाचं तरी हे स्मारक असावं, हा माझा पहिला अंदाज. त्याला आधार तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की दर अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फुटतो. धनाच्या खुणेला कोण दर अमावास्येला नारळ देतं? अमावास्या पितरांची. गोष्ट सांगणारे बदलले, गोष्टही बदलली असेल, पण नारळ फोडणाऱ्या बायकांनी तिथी बदलली नाही. मला तो नारळ गोष्टीपेक्षा जास्त विश्वासाचा साक्षीदार वाटतो.

अर्थात हा अंदाजच. दगड न पाहता केलेला. अक्षरं रोमन निघाली तर सगळंच फिरेल, कारण चौल-रेवदंड्याला आणि कोर्लईला पोर्तुगीजांचे थडग्यांवरचे कोरीव दगड आहेत, आणि १७४०मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आल्यानंतर पडक्या वास्तूंतले घडीव दगड लोकांनी घरांना वापरले असतील तर नवल नाही.

बरं, चाचे म्हणजे तरी कोण? इंग्रजांच्या कागदपत्रांत या किनाऱ्यावरचा सगळ्यांत मोठा चाचा म्हणजे कान्होजी आंगरे. आपल्या लेखी ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय गलबत पुढे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या लेखी समुद्रावरचा राज्यकारभार होता आणि मुंबईच्या कंपनीवाल्यांच्या लेखी लूट. जलदुर्गासमोरच्या गावातलं घराणं चाच्यांच्या धनाचं राखणदार असण्यापेक्षा 'चाचे' म्हणून हिणवल्या गेलेल्या आरमारातलंच असणं मला जास्त पटतं. आणि त्या आरमाराच्या खजिन्याचं काय झालं हे माहीत आहे. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, बंदरातलं तुळाजी आंगऱ्यांचं आरमार जळालं, किल्ल्यात सुमारे दहा लाखांची रोकड मिळाली आणि ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. बरोबर लढायला आलेल्या पेशव्यांच्या सैन्याला त्यातलं काही मिळालं नाही. कोकण किनाऱ्यावरचा खराखुरा खजिना तो हा. मोजला गेला, वाटला गेला, वहीत चढला.

परदेशी चाच्यांचीही तीच तऱ्हा. लुटीत सोन्याच्या मोहरांपेक्षा कापडाचे तागे आणि मसाल्याची पोती जास्त असायची, आणि जे मिळेल ते खलाशी लगेच वाटून मागायचे. पुरून ठेवलं तर बंड व्हायचं. अपवाद कॅप्टन किडचा. त्यानं १६९८मध्ये मलबार किनाऱ्यापाशी सुरतेकडे निघालेलं 'केदा मर्चंट' हे जहाज लुटलं आणि १६९९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही माल खरंच पुरला. पण तो तिथल्या गव्हर्नरनं त्याच वर्षी उकरून जप्त केला. किड १७०१मध्ये लंडनला फासावर गेला. पुरलेल्या धनाच्या निम्म्या गोष्टींचं मूळ या एका प्रसंगात आहे.

आता तुमच्या भाच्याकडे वळू. मुलगा हुशार दिसतोय, त्याला झिडकारू नका. त्यानं बहुधा ला ब्यूझची सांकेतिक लिपी पाहिली असणार. त्या प्रकरणाचा आपल्याकडे धागा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एप्रिल १७२१मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेलं एक पोर्तुगीज जहाज वादळात मोडून रियुनियन बेटाशी दुरुस्तीला थांबलं होतं. गोव्याचे मावळते व्हाइसरॉय त्यावर होते, हिरे होते, मौल्यवान माल होता. 'ला ब्यूझ' म्हणून ओळखला जाणारा फ्रेंच चाचा ओलिव्हिए लव्हासर आणि त्याचा इंग्रज जोडीदार यांनी ते धरलं. चाच्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या लुटींत ही गणली जाते. ७ जुलै १७३० रोजी लव्हासरला रियुनियनला फाशी दिलं. गोष्ट अशी सांगतात की फासाखालून त्यानं गर्दीत एक सांकेतिक कागद भिरकावला, "माझा खजिना घ्या, ज्याला वाचता येईल त्यानं." आता तारखा बघा. फाशी १७३०ची, आणि तो कागद छापून जगासमोर आला १९३४मध्ये. मधली दोनशे वर्षं तो कुठे होता? सेशेल्समध्ये समुद्रकाठच्या खडकांवर काही कोरीव आकृत्या दिसल्या, त्यांचा या कागदाशी संबंध जोडून १९४९पासून एक इंग्रज गृहस्थ आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा तिथे खणत राहिले. खजिना मिळाला नाही.

कॅनडाच्या ओक बेटाचा कोरीव दगडही भाच्यानं पाहिला असेल. नव्वद फुटांवर सापडलेला, "आणखी चाळीस फूट खाली वीस लाख पौंड" असं सांगणारा. तो दगड विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच गायब आहे, आणि आज जी चिन्हं दगडाची म्हणून फिरतात ती तो हरवल्यावर पुष्कळ वर्षांनी छापली गेली. म्हणजे तुमचा भाचा ज्या नमुन्याशी दगड ताडतोय तो नमुनाच दगडाचा नाही! २०१५मध्ये मादागास्करजवळ किडचा म्हणून एक पन्नास किलोचा चांदीचा ठोकळा वर काढला, देशाच्या अध्यक्षांच्या हाती सोपवला, जगभर बातम्या झाल्या. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी तपासलं तर पंचाण्णव टक्के शिसं.

भाच्याला एक काम द्या. ज्यांनी ही लिपी कधी पाहिलेली नाही आणि चाच्यांची गोष्ट ऐकलेली नाही अशा दोघांना वेगवेगळं बसवून दगडावर जे दिसतं ते कागदावर काढायला सांगावं. मग ते दोन कागद एकमेकांशी ताडावेत, आणि त्यानंतरच लिपीशी. झिजलेल्या दगडावर आपल्याला जे हवं ते दिसतं, ढगात हत्ती दिसावा तसं. दोघांच्या कागदांत जे सारखं येईल तेवढंच धरायचं.

छडा लावावा का? लावाच. पण दगडाला इजा न होता. आणि हे मी फक्त तुम्हाला सांगत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत, देवळांच्या आवारात असे दगड आहेत आणि त्यांचा नाश चोरांपेक्षा हौशी लोकांनी जास्त केलाय. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून त्यांत खडू, रांगोळी, कोळसा भरू नका. तेल चोपडू नका. तारेचा ब्रश, आम्ल, साबण, काही नको. शेंदराचा थर असेल तर तोही खरवडू नका, कारण त्याखालची अक्षरं त्यानंच राखलेली असू शकतात. धूळ मऊ कुंचल्यानं झटका, एवढंच. रात्री माजघरातले दिवे घालवा, टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा पाडा आणि फोटो काढा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला, वर, खाली. दिवसा न दिसणारी अक्षरं अशा उजेडात उठून येतात. फोटोत एक शाळेची पट्टी ठेवा. मागची बाजू आणि तळ विसरू नका. खालचा भाग ओबडधोबड असेल तर दगड पूर्वी जमिनीत रोवलेला होता, म्हणजे माजघर ही त्याची मूळ जागा नव्हे.

दगड कसला आहे हेही बघून घ्या. घर जांभ्याचं आणि दगड काळा, हे तुम्हीच लिहिलंय. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून कोरायला काळा पाषाण आणायचे, त्यात विशेष काही नाही. पण तो इथला पाषाण नसून दुसरीकडचा निघाला तर मात्र गंमत आहे, कारण मग तो जहाजातून आला असेल. जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर त्यांना नुसत्या नजरेनंही बरंच सांगता येईल.

शेवटच्या ओळींत आकडे दिसतात का ते बघा. शक असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जुन्या मराठी कागदांत येणारा सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. सुहूर सन बऱ्याचदा अरबी संख्यावाचकांनी लिहितात, आणि "इसन्ने", "सलास", "अर्बा" असले शब्द पाहून अनेकांना काहीतरी गूढ मंत्र हाती लागल्यासारखं वाटतं. ती फक्त तारीख असते. पण तारीख लागली की आजोबांच्या गोष्टीची परीक्षा आपोआप होते.

खरं सांगू? मला दगडापेक्षा माळ्यावरच्या गाठोड्याची काळजी जास्त वाटते. दगड आणखी शंभर वर्षं उभा राहील. कागदाला कोकणातला एकेक पावसाळा भारी. त्यात तुमच्या घराण्याची वतनपत्रं, सारापावत्या, कर्जरोखे असतील, आणि मूळ पुरुष कोण, कुणाच्या चाकरीत, जमीन कशी मिळाली हे तिथेच कळेल. ते गाठोडं खाली काढा, सावलीत कोरड्या जागी ठेवा, चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, सेलोटेप अजिबात लावू नका. जसा क्रम आहे तसाच ठेवून एकेकाचा फोटो घ्या. मोडी वाचणारे आता गावोगावी आहेत. पुण्यात १९१०पासून चालत आलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे चौकशी केलीत तर जाणकार भेटतात. (हा 'जाणकार' शब्द त्या दुसऱ्या माणसाकडून परत घ्यायला हवा.)

दगड दाखवायला राज्य पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरीचं कार्यालय तुम्हाला सगळ्यात जवळ. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. अक्षरं अरबी-फारसी वळणाची वाटली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची त्या लेखांसाठीची शाखा नागपूरला आहे. जुन्या नागरी, कानडी लेखांची म्हैसूरला. आधी फोटो आणि मोजमापं पाठवा. गरज वाटली तर ते येऊन कागदावर ठसा घेतील. तो ठसा घरी घ्यायच्या भानगडीत पडू नका. फोटो सोशल मीडियावर टाकू नका, निदान गाव कळेल असे तर नकोच. एकट्या आत्याच्या घरी 'खजिन्याचा दगड' आहे ही बातमी पसरण्यात कुणाचंच भलं नाही.

सरकार उचलून नेईल ही भीती सगळ्यांनाच असते, आणि तिच्यामुळेच अशा वस्तू गुपचूप विकल्या जातात. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड पुरावस्तू ठरतो. काही प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते. तुमच्या दगडाची लागते का ते खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यांना विचारा. नोंदणी झाली तरी वस्तू तुमच्याच घरी राहते. सरकारला भरपाई देऊन ती घेण्याचा अधिकार आहे, हे खरं, पण नोंद केली की गाडी येते असं होत नाही. उलट नोंद असली की चोरी झाल्यावर तुमची म्हणून सिद्ध करता येते. एक शक्यता मात्र मनात ठेवा : वाचनातून दगड गावच्या देवळाचा निघाला, तर तो परत देवळाकडे जावा की काय, हे तुम्हाला घरात बसून ठरवावं लागेल.

भावानं आणलेल्या गिऱ्हाइकाबद्दल : पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्या माणसाकडे परवाना मागा, पावती मागा. फोन बंद येऊ लागला की उत्तर मिळालं. आणि भावाला एवढंच विचारा की हा दगड कुणा पूर्वजाचं स्मारक निघाला तर विकलेलं त्याला चालेल का. त्याला चालत असेल तर चालू दे, पण आधी कळू तरी दे काय विकतोय ते.

राहिलं खणणं. निखात निधीचा कायदा १८७८चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांवरची कुठलीही मौल्यवान वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. चौकशीत कुणी मालक पुढे आला नाही आणि आपसांत करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला. लपवलं तर सापडवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्यानं वागलं तर सरकार सगळं गिळतं, हा चुलतभावाचा समज असेल तर तो चूक आहे. दुसरं असं की कोकणातले बरेच जलदुर्ग केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. तशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकाम किंवा खणणं मना आहे, पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी लागते. किल्ला पाण्यात असला तरी त्याचा किनाऱ्यावरचा भाग, तट, गोदी संरक्षित आहे का ते बघा. आणि जुन्या घराच्या पायाशी खोल खड्डा हा तसाही जिवाशी खेळ. ओक बेटावर १९६५मध्ये एका खड्ड्यात विषारी वायूनं एकामागोमाग चार माणसं गेली. पहिला कोसळला, त्याला काढायला उतरलेले वर आलेच नाहीत. आपल्याकडे विहिरीत हेच होतं, तुम्हाला ठाऊक आहे.

पण चुलतभावाला हे कायदे ऐकवण्याआधी एक चौकशी करा. त्याला पैशाची एवढी निकड कशानं आहे? धनाच्या मागे लागलेला माणूस बहुतेक वेळा कशातून तरी सुटायला बघत असतो. कर्ज, बंद पडलेला धंदा, मुलीचं लग्न, काही असेल. असलं तर त्यावर बसून बोलता येईल, बहीणभाऊ म्हणून. नसलं तर निदान तुम्ही विचारलंत हे त्याच्या लक्षात राहील.

आणि "कुठल्या तोंडानं बोलू" हा प्रश्न यापुढे विचारू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. घराची कायदेशीर वाटणी आधीच झाली नसेल, तर त्या परसात आणि त्या दगडात तुमचाही हिस्सा असण्याची दाट शक्यता आहे. फेरफार आणि सातबारा काढून वकिलाला दाखवा. हक्क बजावायला जाणार नाही म्हणाल तर नका जाऊ, पण पाहुणी म्हणूनही बोलू नका.

आत्याचं बोलणं मी मुद्दाम मागे ठेवलं. ती दगड समुद्रात सोडा म्हणते. तो टाकून द्यावा म्हणून म्हणत असेल असं मला वाटत नाही. आपल्यामागे अमावास्या कोण पाळणार, ही ती काळजी असावी. तुम्ही एकट्या जाऊन चार दिवस तिच्यापाशी राहा. फोन रेकॉर्डिंगला लावून तिला बोलतं करा, पण "चाचे" आणि "धन" हे शब्द तुमच्या तोंडून आधी येऊ देऊ नका. हा दगड तू पहिल्यांदा पाहिलास तेव्हा कुठे होता? माजघरात कुणी आणला? नारळ फोडताना तुझी आई काय म्हणायची, कुणाचं नाव घ्यायची? धनाची गोष्ट तू कुणाकडून ऐकलीस, आजोबांकडूनच की आणखी कुणाकडून? ती एक नाव जरी बोलली आणि तेच नाव मोडी कागदांत निघालं, तर आम्हा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीनं याहून मोठा पुरावा नाही. या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट हीच आहे, आत्याचं वय बघता.

दगड कुणाकडे राहावा, हे वाचन हाती आल्यावर ठरवा. तोवर तो आहे तिथेच राहील, विकला, खणला, बुडवला जाणार नाही, असा एक साधा कागद तिघा भावंडांनी आणि आत्यानं सही करून ठेवा. चुलतभाऊ सहीला कां-कूं करील. त्याला सांगा, वाचनात खरोखरच एखाद्या जागेचा उल्लेख निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी स्वतः लिहीन आणि त्यावर पहिली सही तुझी असेल.